ठसका म्हणजे खोकला नव्हे

“ठसको लागलो काय समजाचा, कोणतरी आठवण काढता,” असं तू म्हणायचीस, आई. घाटकोपरच्या आपल्या स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा माझ्या घशात अडकला की पाठ चोळत म्हणायचीस, आणि दादा लगेच चिडवायचा, “हिची कोण काढणार? गणिताच्या बाई!”

म्हणूनच असेल, अर्धांगवायूनंतर मुलुंडच्या हॉस्पिटलात तुला पेज भरवताना दर दोन-चार चमच्यांनी ठसका लागायचा, तेव्हा मला भीती वाटलीच नाही. “गावाहून मावशी आठवण काढतेय बघ,” मी म्हणायचे, आणि तू वाकड्या तोंडाने हसायचीस. नीट बसवूनच भरवा, असं सिस्टरने बजावलं होतं. पण बसवलं की तू एका बाजूला कलंडायचीस, कण्हायचीस. मला बघवायचं नाही. मी तुला आडवीच भरवायचे आणि त्यालाच माया समजायचे. रोज सकाळी सिस्टर विचारायच्या, “आजींना खोकला?” मी म्हणायचे, “अजिबात नाही.” खोटं बोलत नव्हते गं. खोकला छातीतून येतो, ठसका नुसता घशातला, एवढंच मला ठाऊक.

मग ताप चढला, श्वास घरघरायला लागला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, अन्न श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतंय. “जेवताना ठसका लागत होता का?” मी मान डोलावली; दादा तेव्हा तिथे नव्हता. त्या न्यूमोनियातून तू उठली नाहीस. दादा वॉर्डच्या दारात सिस्टरवर ओरडला, “रोज विचारत होतात ना? मग कळलं कसं नाही?” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या चादरीची घडी घालत राहिले.

इतकी वर्षं तो त्या बाईला शिव्या घालतोय. गेल्या आठवड्यात त्याच्या सासूबाईंना अंधेरीला ॲडमिट केलं, त्यांनाही अर्धांगच. वहिनी त्यांना आडव्याच चहा पाजत होती. मी कप जवळजवळ हिसकावला. “वहिनी, आधी बसव त्यांना. आणि ठसका लागला तरी सिस्टरला सांग, खोकला नाही म्हणून सोडू नकोस.”

“तुला काय गं एवढं माहीत?” दादाने विचारलं.

“वाचलं कुठेतरी.”

“बघ. त्या सिस्टरला हे कळलं असतं ना, तर आज आई असती.”

मी हो म्हटलं, आई. नुसती गप्प बसले नाही, हो म्हटलं.

आता माहेर म्हणजे तो एकटाच उरलाय. त्याला सांगितलं तर तेही जाईल. तू नाहीच म्हणणार, तरी विचारते: मला गप्प राहू देशील?