गोपिकाबाईंचा हातपट्टा

इंदोरा, नागपूर
६ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाईंस,

भावनाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि तुमचा जितेंद्रदादा मधे बसून निरोप सांगतो त्यातलं अर्धं त्याच्या मनाचं असतं. म्हणून पत्रच लिहायला बसले.

वरच्या खोलीत माझं कातड्याचं काम सुरू झालं. बेल्ट, पाकिटं बरी निघतात, पण मशीननं जीव खाल्लाय. आईचीच शिलाई मशीन आहे ती. दोन पदर घातले की टाके सुटतात, वरचा पदर पुढे पळतो, खालचा मागे राहतो, आणि सुई मोडते. काय करू?

दुसरी गोष्ट मोठी आहे. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या एका मॅडमनी माझ्याकडे एका बाईंना पाठवलं. गोपिकाबाई, नरखेड तालुक्यातल्या. कडबा कापायच्या मशीनमध्ये उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा वाचला. त्याआधी संत्रा तोडणाऱ्या बायकांची टोळी त्या चालवायच्या. त्यांना एक रबरी पंजा मिळालाय, दिसायला अगदी खरा. म्हणाल्या, तो लग्नात घालून जाते, तू मला कामाचं काही बनवून दे. कात्री धरता आली पाहिजे. नोव्हेंबरात तोड लागेल. तोवर जमलं नाही तर टोळी दुसऱ्या बाईकडे जाईल.

तुम्ही दवाखान्याच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंत, तुमच्याशिवाय कोणाला विचारू? बाबा अजून वर पाय ठेवत नाहीत. जेवताना कातड्याचा विषय निघाला की आईला वरण वाढायला सांगतात.

भिवापुरी तिखटाचा मोसम आला की मला विसरू नका. तुमची माया आहे तशी असू द्या.

तुमची,
भावना

भिवापूर
१४ सप्टेंबर २०२४

चि. भावनास,

आत्याचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. जितेंद्रले मी वाचू दिलं नाही, तो दिवसभर रुसून होता.

घरच्या मशीनले दोष नको देऊ. ती बिचारी ब्लाउज-परकराची, तिच्याकडून जड काम काहून घेऊन राहिली? कातड्याले अशी मशीन लागते जिचा कातडं दाबणारा वरचा पाय, सुई अन् खालचे दाते तिन्ही संगं चालतात. मग वरचा पदर पळत नाही. जुनी भेटली तरी चालते, पण पाहायले जाशील तेव्हा तुह्याजवळचं जाडात जाड कातडं संगं नेजो. दुकानदाराच्या तुकड्यावर कोणतीही मशीन चांगलीच शिवते. मोटर हळू चालणारी घेजो, एकेक टाका मोजून टाकता आला पाहिजे. सुई कातड्याचीच पाहिजे, तिच्या टोकाले धार असते. कापडाची सुई कातड्याले नुसती ढकलते. दोरा नायलॉनचा घे, सुती दोरा घामानं सडते. अन् टाके फार बारीक नको घालू. छिद्रं जवळजवळ पडली का कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटते.

त्या बाईले कात्री धरायले जो पट्टा करशील, तो मात्र हातानं शिवजो. आरीनं छिद्र पाडायचं, एका दोऱ्याच्या दोन टोकांले दोन सुया, अन् दोन्हीकडून ओढायचं. एखादा टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

तुह्या बाबाचं मनाले नको लावून घेऊ. आमच्या बाबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली अन् गावातलं ढोरं ओढायचं, कातडं काढायचं काम सोडलं. गावानं पाणी बंद केलं तेव्हा ते नागपुरात आले. माहा भाऊ बळीराम हेच ऐकत मोठा झाला. मी वर्कशॉपात लागली तेव्हा त्यानं माह्याशी बोलणं टाकलं होतं. मी त्याले समजावत बसली नाही, तू पण नको समजावू. ते काम लोकांनी आपल्यावर टाकलं होतं, हे तू निवडलं. त्याले दिसल तेव्हा दिसल.

तब्येत सांभाळ, अन् आरी वापरताना कातडं मांडीवर धरू नको.

तुझी आत्या,
तारा

नागपूर
१६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्याबाईंस सविनय जय भीम.

मशीन मिळाली. एका बंद पडलेल्या बॅगांच्या कारखान्यातली आहे, तुम्ही सांगितलं तसं जाड कातडं नेऊन पारखली. चार पदर लोण्यासारखे शिवते. पण आनंदानं लिहावं असं आज काही नाही.

गोपिकाबाईंना पट्टा करून दिला होता. मनगटावर बसणारा, तळहातावर कात्रीला खाच. आठवड्यानं त्या परत आल्या तेव्हा हाताला फडकं गुंडाळलेलं. माझी शिवण आतून त्यांच्या व्रणावर घासत होती. कातडी सोलून निघाली होती, तरी त्यांनी पट्टा घालणं सोडलं नव्हतं.

मी तेव्हा बाजारात गेले होते. दीक्षाभूमीवर पाणी वाटायची सेवा आटोपून बाबा घरी आले, तर गोपिकाबाई जिन्यात बसलेल्या. बाबांनी त्यांना चहा दिला, फडकं सोडून जखम पाहिली, आणि विचारलं की दुखत होतं तर काढला काहून नाही. त्या म्हणाल्या, दुखते म्हटलं तर पोरगी घाबरून काम सोडून देईल, मग मी कोणाकडे जाऊ.

मी पोचले तेव्हा बाबा वरच्या खोलीत उभे होते. पहिल्यांदाच. पट्टा उलटा करून आतल्या शिवणीवरून बोट फिरवत होते. रेल्वेत फिटर होते ना, म्हणाले, घासणारा जोड कोणी आतून ठेवते का. एवढंच बोलून खाली गेले.

गोपिकाबाईंना दवाखान्यात नेऊन मलमपट्टी केली. मला रडू येत होतं आणि त्या माझीच समजूत घालत होत्या. आत्याबाई, माझ्यानं हे होईल का?

तुमची,
भावना

भिवापूर
२२ ऑक्टोबर २०२४

चि. भावनास अनेक आशीर्वाद.

होईल. माह्या हातानं बनलेल्या पहिल्या पायानं एका मास्तराले असंच सोललं होतं, अन् त्यानं वर्कशॉपभर मले शिव्या दिल्या. तुले तर समजूत घालणारी बाई भेटली. अशी बाई नशिबानं भेटते, तिच्यासाठी पुन्हा बस.

जखम पुरी भरू दे, घाई नको. मग तिच्या हाताचा प्लास्टरचा साचा घे. कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं आण, रंगीत चमकणारं नको. ते पाण्यात भिजव, साच्यावर दाबून बसव, अन् सावलीत वाळू दे. हात जसा आहे तसं ते वळते, मग खाचा-टाके कमी लागतात. जिथं दोन कडा एकमेकांवर येतात तिथं रापीनं छिलून कागदासारख्या पातळ कर. शिवण बाहेरून, गाठ पण बाहेरून. आतून बकरीचं मऊ अस्तर एका तुकड्यात चिकटव, व्रणावर जोड येऊ देऊ नको.

अन् मुख्य गोष्ट. तू तिचा हात टेबलावर पाहिला. ती झाडाखाली काय करते ते पाह्यलं नाही. तिच्या गावाले जा.

बळीराम वर आला हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याले काही बोलू नको.

तुझी आत्या,
तारा

नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंस सविनय जय भीम.

गोपिकाबाईंच्या गावी जाऊन आले. बसनं जाणार होते, पण बाबांनी मोटरसायकल काढली आणि म्हणाले, मागे बस.

बागेत गोपिकाबाईंनी डाव्या हातानं मला तोड दाखवली. फळ ओढायचं नाही, देठ अगदी जवळून कापायचा, नाहीतर राहिलेला देठ क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो आणि माल सडतो. मनगट सारखं वळतं, आणि मी तर ते जखडून टाकलं होतं. मग त्यांनीच सुचवलं की कात्री मुठीत कशाला, माझा अंगठा आहे ना चांगला. एक दांडी पट्ट्याला पक्की कर, दुसरी मी अंगठ्यानं दाबते, स्प्रिंग तिला उघडेल. इतके दिवस मी गेलेल्या बोटांचा विचार करत होते, आणि ही बाई राहिलेल्या अंगठ्याचा.

दुसऱ्या दिवशी मी कातडं साच्यावर बसवत होते तर बाबा वर आले, कात्रीची दांडी मोजली आणि खाली जाऊन कात्री पट्ट्याला धरून ठेवणारी स्टीलची पकड घासायला बसले. आई तीनदा जेवायला हाक मारून थकली.

पट्टा आता वाळतोय. मनगट मोकळं ठेवलंय. तोड पुढच्या आठवड्यात लागेल. आमच्यावर लक्ष असू द्या.

तुमची,
भावना

नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस,

बळीरामचा जय भीम.

पत्र लिहायची सवय राहिली नाही, अक्षर लावून घे. भावना स्वतः लिहिणार होती. मीच म्हटलं, या खेपेला मी लिहितो.

तोडीच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं गोपिकाबाईच्या गावी होतो. टोळीतल्या बायका झाडाखाली जमल्या होत्या, पण कात्री कोणी लावेना. गोपिकाबाईनं पट्टा चढवला, दातानं त्याची वादी ओढून आवळली आणि पहिल्या फांदीला हात घातला. पहिलं फळ निसटून खाली पडलं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं. दुसरं देठाजवळून कापलं आणि डाव्या हातात घेतलं. मग तिसरं. बाई, मी आयुष्यभर इंजिनं सुरू होताना पाहिली, पण तसं काही पाहिलं नव्हतं. ती एकदाही मागे वळली नाही. थोड्या वेळानं बायका आपोआप तिच्या मागून झाडाला लागल्या.

माल घ्यायला आलेला व्यापारी जवळ येऊन पाहू लागला. मला विचारलं, हे मुंबईहून मागवलं का, आणि कशाचं आहे. मी म्हटलं, चामड्याचं आहे, माझ्या मुलीनं शिवलं. आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या ओळीतल्या बायकांनीही वळून पाहिलं. भावना संत्र्याच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली.

आपले बाबा तिथं असते तर काय म्हणाले असते, हे मी रस्ताभर मनात घोळवलं. मला वाटतं, त्यांनी तो पट्टा हातात घेऊन नीट पाहिला असता.

आता कामाचं. दुपारनंतर घामानं वादी ढिली पडते आणि कात्री किंचित हलते. भावना म्हणते, कातड्याला तेल पाजलं पाहिजे. मला वाटतं, तेलानं ते आणखी मऊ होऊन ताणलं जाईल, आणि माझी पकडच रुंद करावी लागेल. आमचं दोन दिवसांपासून यावरून जोरात चाललंय. कोणाचं बरोबर ते तू सांग. पत्रानं सांगू नको, इथं येऊन पट्टा हातात घे आणि सांग. रविवारी मी तुला घ्यायला येतो. जितेंद्रला सांगून ठेव, आणि वर्कशॉपातल्या तुझ्या गोष्टी आठवून ठेव. मी त्या कधी ऐकल्या नाहीत.

तुझाच,
बळीराम