काय सुंदर प्रश्न

सोलापूर,
९ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा,
अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करते, पुढं जमेल तसं.

अप्पांचे गुडघे तसेच आहेत, तरी सकाळी देवळापर्यंत चालत जातात. ऊन इतकं की दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं. शेजारच्या कमलम्मांनी शेंगाचटणी कुटली, तुझ्यासाठी डबा भरून ठेवलाय. तू लिहितेस त्या मालिकेचा एकही भाग त्या चुकवत नाहीत. त्यातला तो कंपनीचा साहेब पडद्यावर आला की बोलायच्या आधीच हसायला लागतात.

तू फोनवर दोनदा विचारलंस. बार्शीच्या कॉलेजात तुला बोलायचंय, मालिकांतून कंपन्यांच्या कारभारावर खरंच काही टीका होते का, त्यावर. "दाजी कारखान्यातले, त्यांना काय वाटलं तेवढं एका वाक्यात सांग." दोन्ही वेळा मी कुकर उतरवायचाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी गोड बोलून मोकळी होते. म्हणून हे पत्र.

मालिका आवडली, अपेक्षा. कुणी अडचणीचं विचारलं की तुझा साहेब हात जोडून म्हणतो, "काय सुंदर प्रश्न. टाळ्या." मग सगळे टाळ्या वाजवतात आणि प्रश्न तिथंच मरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझे दाजी जेवायचे थांबले. म्हणाले, "हिला कसं कळलं गं? आमचा साहेब अस्साच हाय की." त्या आठवड्यात ते चिंचोळीला कारखान्यात जाताना ताठ चालायचे. आपल्या घरातलं कुणीतरी आपल्यासाठी बोललं, असं त्यांना वाटत होतं.

मग ते वाक्य गावभर झालं. सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला भाडं विचारलं तरी तो म्हणायचा, काय सुंदर प्रश्न. कारखान्याच्या संमेलनात मोठ्या पडद्यावर तुझा भाग लावला. मालक पहिल्या रांगेत बसून डोळे पुसेपर्यंत हसला. एचआरच्या मॅडमनी तुझ्या साहेबाचं चित्र असलेले कप सगळ्यांना वाटले. दाजींनी कप घरी आणला आणि फडताळात मागं ढकलून दिला. "मालकाला लागलंच न्हाय," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत लूम खात्यातल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलावर नारळ होते, टोप्या होत्या आणि आपल्याच मागावर विणलेले टॉवेल. साहेब म्हणाले, कंपनी नवीन यंत्रं आणतेय, काही जणांना निरोप द्यायचाय, पण रडतरडत नको, हसतखेळत देऊ. मग एकेकाचं नाव पुकारायचं, टॉवेल-टोपी द्यायची, फोटो काढायचा.

पहिलं नाव गैबीसाबचाचांचं. तुला आठवतात ना, तुझ्या बारावीच्या निकालाला पेढे घेऊन आले होते ते. दाजींना माग शिकवला तो त्यांनीच. टॉवेल खांद्यावर घेतला, पण ते स्टेजवरून खाली उतरले नाहीत. म्हणाले, "सायेब, माग चालू हायत, माल जातोय. मग आमी का जायचं, तेवढं सांगा की."

साहेब हातातली यादी चाळायला लागले. मागच्या बाकावरची चारसहा माणसं उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काय सुंदर प्रश्न. टाळ्या."

सगळे हसले, अपेक्षा. टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या, सुटल्यासारख्या. उठू पाहणारे होते ते बसले. गैबीसाबचाचा नारळ घेऊन खाली उतरले.

तो आवाज तुझ्या दाजींचा होता.

"का म्हणालो, मलाच म्हाईत न्हाय," म्हणतात. "तोंडातनं निघून गेलं. रोज म्हणतोच की आपण." त्यानंतर दोन नावं झाली आणि तिसरं त्यांचं स्वतःचं पुकारलं. त्यांनीही टॉवेल घेतला. फोटोत ते हसताना दिसतात.

मी तुला दाजी ड्युटीवर आहेत म्हणत होते, तेव्हा ते आतल्या खोलीत असायचे. बाहेर पडत नाहीत. एकदा बळंच बाजारात नेलं, तर समोरून गैबीसाबचाचा आणि चांदबीचाची आले. चाचांनी नेहमीसारखा हात वर केला. रागावलेही नाहीत. दाजी वळून दुकानात शिरले आणि काही घ्यायचं नसताना साबण घेऊन बाहेर आले. घरी आल्यावर म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तर चारजण उठले असते." मी म्हटलं, उठून काय होणार होतं? नावं तर आधीच ठरली होती. ते म्हणाले, "व्हय, काय झालं नसतं. पण उठले असते."

यावर तुला काही बोलता येत असेल तर बार्शीला बोल. आमचं नाव घेऊ नकोस.

तू काही वाईट लिहिलं नाहीस. तू आम्हाला साहेबाला हसायला शिकवलंस, आणि आम्ही हसलोही. साहेब तसाच राहिला. आता तर कुणाला खरंच काही विचारायचं असेल, तरी लोक आधीच हसायला टेकलेले असतात. यात तुझी चूक कुठं, ते मी रोज शोधते. सापडत नाही. सापडली असती तर निदान तुझ्याशी भांडता आलं असतं.

काल त्यांना सांगितलं, अपेक्षा विचारतेय, मालिका कशी वाटली. भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाले, "चांगली हाय म्हणून सांग. पोरीचं मन मोडू नको."

तेवढं सांगायला हे पत्र. बार्शीहून परतताना घरी ये, जेवून जा, पण त्यांना काही विचारू नकोस.

तुझ्यावर राग धरायलाही जागा न उरलेली,
तुझी अक्का
सिद्धेश्वरी