पडक्या शब्दातला दगड

वादी अदाई, मंगळवार, संध्याकाळ

आमची इरा शाळेतून आली ती रडवेली. उद्या वर्गासमोर उभं राहून एक इंग्रजी शब्द कुठून आला ते सांगायचंय. मागच्या वेळी मधेच अडली, पोरं हसली. शब्द काय, तर डिलॅपिडेटेड. म्हणजे पडकं. एवढ्याशा गोष्टीला केवढं नाव!

"आजी, त्याच्या आत लॅटिनमधला 'लॅपिस' आहे, म्हणजे दगड. पण पडक्या शब्दात दगड का?"

मी चौथी पास, मला कसलं लॅटिन? पण दगडाचं मला विचारा. गावी आमचा गडगा होता, नुसता दगडावर दगड रचलेला, ना माती ना सिमेंट. मग तिलाच वादीतून, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रातून, दगड आणायला लावले नि बाल्कनीत हातभर गडगा रचला. मधला एक दगड मी काढला.

"पडला नाही!" नात म्हणाली.

"एकाने नाही पडत, बाई. निघालेला दगड कुणी परत लावत नाही, म्हणून सगळा पडतो."

 मग इरा आईला समोर बसवून सगळं इंग्रजीत बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. पण कुठे अडली नाही, तेवढं कळलं.