सुपारीच्या जागचा बाळकृष्ण

बाबा,

लेकीकडून पुडकं आलं. जाड्या मिठाची एक पुडी, साबणाच्या दोन वड्या, एक फोटो. टपालखर्च बत्तीस डॉलर. तेवढ्यात इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलला वर्षाचं मीठ आलं असतं, असं पुटपुटत फोटो सुलटा केला आणि चष्मा चढवून पुन्हा पाहिला.

ऑफिसच्या कामाला ती महिनाभर तुमच्याच त्या भूमध्य समुद्रावरच्या बंदरात आहे. तुम्ही बोटीवर स्वयंपाकी, तुमची बोट तिथे लागायची. सुट्टीवर आलात की चहा फुंकत सांगायचात, गावात रस्ते कमी नि कालवे जास्त, खिडक्यांखाली होड्या बांधलेल्या, पूल वर उचलला की अख्खं गाव शिव्या देत खोळंबतं. आई चुलीपुढून म्हणायची, "आणि माझा बाळकृष्ण त्या कालव्यात पोहतोय वाटतं!" तिनं सोबतीला पेटीत घातलेला देव तुम्ही परत आणला नव्हता. विकून प्यालात, असंच सगळे धरून चालले. देव्हाऱ्यात त्याच्या जागी सुपारी बसली. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

माझ्या लग्नात अन्नपूर्णेबरोबर बाळकृष्ण द्यायचा, तर ताम्हनात तीच सुपारी. सासूबाईंनी विचारलं. मी भर मांडवात म्हणाले, "बाळकृष्ण बाबांनी पिऊन टाकला." तुम्ही अक्षता वाटताय. हात थांबतो. मग पुढच्या माणसाकडे जातो.

फोटोत त्या गावच्या टेकडीवरचं खलाशांचं चर्च आहे. नवस फेडायला टांगलेल्या लाकडी बोटी, आणि त्यांच्यात काचेमागे आपला रांगता बाळकृष्ण! तुटलेल्या गुडघ्याला आईनं सोनाराकडून लावून घेतलेला डाग तसाच. खाली चिठ्ठी, अक्षर तुमचं: "तार मिळाली. मुलीचा ताप उतरू दे."

विषमज्वर झाला तेव्हा मी सात वर्षांची होते.

लेकीला मराठी वाचता येत नाही, पण सुपारीची गोष्ट पाठ आहे. फोनवर म्हणते, "आई, इज ही अवर्स? परत मागू का त्यांच्याकडे?" आपला देव चर्चमध्ये, बाबा! आईनं उंबरा ओलांडू दिला नसता म्हणून गप्प राहिलात? मांडवात तरी बोलायचं होतंत.

आज पूजेला सुपारीवर पाणी घालायला हात उचलेना. शेवटी घातलं.

नवसाला दिलेला देव परत मागू नये, एवढं मला कळतं. तरी खरं सांगते, मला तो हवाय. गेलेल्या माणसाच्या पाकिटावर पत्ता काय घालू ते सुचेना, म्हणून हे पत्र हिशेबाच्या वहीत ठेवतेय. लेक शुक्रवारी तिथून निघेल. आणू दे की राहू दे, उलट टपाली कळवा.