मेलबर्न किती डबे?

प्रिय आई,

भिलाईहून मेलबर्न किती डबे? तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास, आणि मला याचं उत्तर येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तिथल्या विद्यापीठात मला प्रवेश मिळालाय. कमी धुरात पोलाद कसं करायचं, ते शिकायचं आहे. रायपूरहून आधी उलटं दिल्लीला जायचं. तिथून थेट विमान, दहा हजार किलोमीटरच्या वर, बारा-तेरा तास.

पण तुला किलोमीटर कधी पटले? तू अंतर मोजायचीस घरून बांधलेल्या डब्यांनी. नागपूर एक डबा. पुणे तीन: पहिला पोळी-भाजीचा, दुसरा दशम्यांचा, तिसरा नुसता चिवडा, कारण तोवर बाकी सगळं विटतं.

"पोरीले एका डब्याच्या आतच द्यावं," हेही तुझंच. परवा रिसालीहून आत्या आली ती हेच घेऊन.

"तुही माय काय म्हणे, आठवते ना? उद्या तुह्या बापाले काही झालं तं पोचशील का वो?"

भीती मलाही तीच आहे. तू गेलीस तेव्हा मी उशाशी होते. बाबांच्या वेळी नसले तर?

पण आई, नागपूरची आजी गेली तेव्हा तू एकाच डब्यावर होतीस ना? गाडी डोंगरगढजवळ अडकली. तू पोचलीस तेव्हा माणसं घाटावरून परतत होती. डबा तू न उघडता परत आणलास. का खाल्लं नाहीस विचारलं, तर म्हणालीस, "भूक नव्हती." एक डबाही तुला लांबच पडला. मग तोच नियम मला का? घरातली पहिली पदवी माझी, म्हणून आपल्या हुडको कॉलनीभर पेढे तूच वाटलेस. तेव्हा कुठे डबे मोजलेस?

आत्याला उत्तर बाबांनी दिलं. चहा बशीत ओतत म्हणाले, "विमान तेरा तासाचं. कारखान्यात माही डबल ड्यूटी सोळा तासाची राहे. मी थांबीन ना तिच्यासाठी."

"मजाक करून राहिला का, दादा?"

"मजाक नाही. जाऊ दे तिले. पोळ्या मले करता येतेत."

येत नाहीत, हे तुला माहीत आहे. आठवडाभर शिकवतेय. कालची पोळी छत्तीसगढच्या नकाशासारखी झाली, पण फुगली.

आता तुझ्या मापाची गंमत ऐक. मेलबर्नला उतरल्यावर सामान तपासतात, घरचं बरंचसं खाणं काढून घेतात. म्हणजे डबा वाटेतच संपवावा लागतो. मी दशम्या नेणार आहे, तुझ्याच स्टीलच्या डब्यात. वचन देते, उतरण्याआधी शेवटचा तुकडाही खाईन. तुझ्यासारखा भरलेला डबा परत आणणार नाही. आणि शिकून झालं की रिकामा डबा घेऊन इथेच, भिलाईला येईन. पोलादाचं काम इथेच आहे.

हे पत्र परवानगीसाठी नाही, आई. तिकीट मी आज सकाळीच काढलं.

तुझी,
रेणू