शोकसभेची पूर्वतयारी

१ ऑक्टोबर १९९८
गुलाम रसूलला नागपूरच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं. चहावाला नथ्थू म्हणाला, "मास्तर, आता काई खरं नाई. महिना काढला तं लय."

चौतीस वर्षं आम्ही बोलत नाही. तरी ब्रह्मपुरीत कोणी गेलं की शोकसभेचं मुख्य भाषण माझंच, हे सर्वमान्य आहे. गावातल्या दोन ज्येष्ठ कवींपैकी एक गेल्यावर दुसऱ्यानेच बोलायचं असतं. मागच्या सभेत तयारी ऐनवेळी केली आणि मी मृताचंच नाव चुकवलं. या खेपेला तसं नको.
संकल्प : रोज एक पान. आधी भाषण, मग भेट.

३ ऑक्टोबर
पान पहिलं. "कविवर्य गुलाम रसूल आज आपल्यात नाहीत." सुरुवात झकास.
मीराबाईने वाचलं नि कपाळावर हात मारला. म्हणाली, "अवो, तो मानूस तिकडं चाय पिऊन राह्यला नं! लिहून काय राह्यले, भेटून या." बायकोला साहित्यातली दूरदृष्टी समजत नाही. उद्या जाईन.

५ ऑक्टोबर
गेलो नाही. गुडघा.
पान दुसरं, तरुणपण. १९५७. दोघांत एक सायकल. गडचिरोलीच्या कविसंमेलनाला निघालेलो. वैनगंगा ओलांडताना डोंग्यात मी माझी कविता म्हणत होतो, मधलं कडवं विसरलो. गुलामने ते धडाधडा म्हणून दाखवलं. माझ्या सगळ्याच कविता त्याला पाठ होत्या.
हा मजकूर खोडला. भाषणात अनावश्यक.

९ ऑक्टोबर
भांडणाचा भाग. निःपक्षपातीपणे लिहिला.
अहेरीचं संमेलन, १९६४. मी खंडकाव्य वाचलं. शार्दूलविक्रीडित, बत्तीस श्लोक. अकराव्याला लोक जेवायला उठले. मग गुलामने आमच्या इकडच्या झाडीबोलीतली चार कडवी म्हटली, तर लोक हातातली ताटं घेऊन परत आले! मी मंचावरूनच म्हणालो, ही कविता नव्हे, शिंप्याच्या दुकानातल्या गप्पा आहेत. तो शिंपीच होता, यात अपमान कसला? उठून गेला. त्याने माफी मागायला हवी होती.
तेव्हापासून माझे कपडे दुसऱ्याकडे. चौतीस वर्षांत एक पँट कमरेला धड बसली नाही. तत्त्वासाठी सोसलं.

११ ऑक्टोबर
बाजारात त्याची मुलगी निशात भेटली. म्हणाली, "काका, अब्बा तुमची लय याद करते. येऊन जा ना." मी म्हटलं, सध्या एका मोठ्या कामात आहे. खोटं नव्हतं. सातवं पान चालू आहे.

१४ ऑक्टोबर
नथ्थूच्या हाती गुलामने कविता पाठवली. "मास्तरले दाखवजो," म्हणाला म्हणे. नकलून ठेवतो :

सतरंजी हातरली, दार लोटलं नाई,
येनारे येऊन गेले, तू काऊन आला नाई?
रुसवा तुह्या घरी ठेव, बोली माही राहू दे,
एक डाव बस इथी, तोंड तुहं पाहू दे.

मात्रा सैल. 'काऊन', 'इथी', 'तुहं' अक्षम्य. विषय प्रेयसी, या वयात शोभत नाही. तरी दोन तास खर्चून लाल शाईने शुद्ध केली. दहापैकी चार गुण. लगेच परत पाठवली.

१७ ऑक्टोबर
नथ्थू सांगत होता, लाल शाई पाहून गुलामभाऊ ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "हा अजून मास्तरच हाय." कागद उशीखाली ठेवला.
म्हणजे चूक पटली. माफी मागितल्यासारखंच झालं! आता जायला हरकत नाही. उद्या रविवार, नक्की. कुर्ता इस्त्रीला दिला.

१८ ऑक्टोबर
निघालो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. काय बोलायचं? एवढ्यात भाषणाचा शेवट सुचला. विसरू नये म्हणून तसाच परत फिरलो.
पान अकरावं, संपूर्ण. वाचताना रडू आलं, थांबेना. शैली साधल्याचं लक्षण. उद्या जाईन.

२१ ऑक्टोबर
गुलाम आज सकाळी गेला.
वाटलं दफन सायंकाळी असेल. दुपारीच उरकलं. मी पोचलो तेव्हा माणसं परतत होती.
हरकत नाही. माझं खरं काम शोकसभेत. गावात भाषण तयार असलेला मी एकटाच.

२५ ऑक्टोबर
वाचनालयाचा हॉल भरला होता. माझं नाव पुकारलं. उभा राहिलो, कागद उघडले. "कविवर्य गुलाम रसूल आज आपल्यात नाहीत."
पुढे वाचता येईना. कोणी पाणी आणून दिलं. प्यायलो. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. लोक म्हणाले, फार जिव्हाळा होता हो.

बाहेर निशात उभी होती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, अब्बा शेवटपर्यंत म्हनत, मास्तरले घाई नका करू, तो कामात असन. कोनतं काम होतं, काका?"
मी अकरा पानं कुर्त्याआड धरली. म्हणालो, काही नाही गं, असंच.

घरी आलो. मीराबाईनं ताट वाढलं, तसंच ठिवून हे लिहाले बसलो.
गुलाम, मले काईच काम नव्हतं रे.