पुढे केलेला हात

सांगली, १२ फेब्रुवारी १९६४

कडेगावची बाळंतीण वाचली. तरी मन थाऱ्यावर नाही.

दुपारी डॉक्टरांचा ऑपरेशन थिएटरमधून रक्तपेढीत फोन आला. "रक्तस्राव थांबत नाही. गट जुळला ना? मग बाटली पाठवा." मी म्हणाले, गट जुळला तरी बाईचे आणि बाटलीतले रक्त एकत्र करून बघायचे आहे. गुठळ्या झाल्या तर बाई दगावेल. चाचणी पुरी होईपर्यंत देणार नाही. त्यांनी फोन आदळला.

मग ते स्वतः आले. रागावले नाहीत, बोललेही नाहीत. नुसता हात पुढे केला. मी बाटली दिली.

मागाहून चाचणी पुरी केली. गुठळ्या नव्हत्या. पण देताना ते मला कुठे माहीत होते?

त्यांच्यामागून आलेली आया सखूबाई हसली. "फोनवर लय कडक हुतासा की बाई. आन् समोर आल्यावर मांजर."

रक्तस्राव थांबत नव्हता हे खरेच. पण ते फोनवरही सांगितलेले होते. नवीन काय होते? फक्त तो हात. तो रिकामा ठेवणे उद्धटपणाचे वाटले, इतकेच?

संध्याकाळी जाताना डॉक्टर म्हणाले, "बरं झालं मी स्वतः आलो." म्हणजे यापुढे फोन येणार नाही, तेच येतील.

उद्यापासून चाचणी चालू असताना दाराला आतून कडी लावायची. बंद दाराआडून मला नाही म्हणता येईल, असे वाटते.